विल्यम्सचा हिशेब: ‘पाचवा हेन्री’तली लढाई पहिल्यांदा वाचताना

कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत मी शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’तलं, राजाने लढाईआधी केलेलं क्रिस्पिन दिनाचं भाषण म्हटलं होतं. छाती पुढे काढून, शेवटच्या ओळीला मूठ उंचावून. ढालही मिळाली. हे भाषण करणारा राजा पुढच्या दोनेकशे ओळींतच कैद्यांना मारायचा हुकूम देतो, याचा मला पत्ता नव्हता. नाटक वाचलंच नव्हतं, तेवढा उतारा पाठ केला होता.

शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटकं आपल्याकडे जरा बाजूलाच पडली. मराठी वाचकाला तो भेटतो शोकांतिकांतून: आगरकरांचं ‘विकारविलसित’, देवलांचा ‘झुंझारराव’, विंदांचा ‘राजा लिअर’. इंग्लंडच्या राजांची नाटकं उघडली की ड्यूक आणि अर्ल यांची रांग लागते आणि माणूस पुस्तक मिटतो. म्हणून ‘पाचवा हेन्री’ पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हा रस्ता आखून देतो आहे. पूर्ण नाटकाचा नाही, फक्त चौथ्या अंकाचा, म्हणजे अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईचा. तीन-चार संध्याकाळी पुरतात. मूळ संहिता इंटरनेटवर फुकट मिळते, पण टिपा असलेली छापील प्रत मिळाली तर तीच घ्या. सोबत पेन्सिल हवी.

आधी एवढं माहीत असू द्या

पहिल्या अंकापासून सुरुवात करू नका. तिथे आर्चबिशप फ्रान्सच्या गादीवर हेन्रीचा हक्क कसा पोचतो याची वंशावळ साठेक ओळी सांगत बसतो आणि नवा वाचक तिथेच बुडतो. तूर्त एवढं पुरे: संसदेत चर्चच्या जमिनी काढून घेणारं एक विधेयक घोंघावतं आहे, आणि ते टळावं म्हणून बिशप मंडळी राजाला फ्रान्सच्या स्वारीसाठी पैसा आणि धर्माचा आधार दोन्ही पुरवतात. हेन्रीच्या बापाने दुसऱ्या रिचर्डकडून गादी हिसकावली होती आणि रिचर्डचा पुढे खून झाला. राजपुत्र असताना हेन्री फॉल्स्टाफ या जाड्या, उडाणटप्पू सरदाराच्या टोळक्याबरोबर दारूच्या गुत्त्यात वेळ काढायचा. त्या टोळक्यातला बार्डॉल्फ तिसऱ्या अंकात चर्चमधली एक किरकोळ वस्तू चोरतो आणि फासावर जातो. हेन्री ऐकतो आणि म्हणतो, असल्या सगळ्यांना असंच कापून काढायला हवं. जुन्या ओळखीचा एक शब्दही नाही.

आता १४१५ चा ऑक्टोबर आहे. हार्फ्लर हे फ्रेंच बंदर घेऊन झालं आहे, सैन्य आजारी आहे, कॅले बंदराच्या वाटेवर फ्रेंच आडवे आले आहेत. लढाई २५ ऑक्टोबरला, क्रिस्पिन आणि क्रिस्पिनियन या दोन संतांच्या दिवशी. हे दोघे चांभारांचे संत मानले जातात.

सूत्रधाराचं ऐका, पण नजर मंचावर ठेवा

प्रत्येक अंकाआधी एक निवेदक येतो. आपल्या शाहिरासारखाच तो: डफावर थाप मारून सांगणार की बघा, राजा कसा रात्री तंबूतंबूतून फिरतो, प्रत्येकाला भाऊ म्हणतो, मित्र म्हणतो, आणि त्याच्याकडे बघून खचलेल्या शिपायालाही धीर येतो. हे ऐकून घ्या आणि लगेच पहिला प्रवेश वाचा. राजाने म्हाताऱ्या सर थॉमस अर्पिंगहॅमचा झगा मागून घेतला आहे, तोंड झाकलं आहे. फॉल्स्टाफच्या टोळक्यातला पिस्टल त्याला राजा म्हणून ओळखत नाही. पुढे तीन शिपाई भेटतात, त्यांच्याशी वाद होतो, आणि शेवट हातघाईवर यायचा बाकी राहतो. धीर आलेला एकही माणूस या प्रवेशात मला सापडलेला नाही.

पोवाडा एक सांगतो आणि प्रवेश दुसरंच दाखवतो, असं या नाटकात पुन्हा पुन्हा होतं. गंमत अशी की १६०० साली छापलेल्या पहिल्या प्रतीत हा निवेदक नाहीच, तो १६२३ च्या मोठ्या संग्रहात आहे. हा अंक एकदा निवेदक गाळून वाचून बघा. राजा बराच एकटा वाटू लागतो.

रात्रीच्या प्रवेशाला एक संध्याकाळ पूर्ण द्या

शक्य असेल तर चौघांनी मिळून मोठ्याने वाचा. बेट्स, कोर्ट, विल्यम्स आणि झग्यातला राजा. विल्यम्स वाचायला घाई न करणारा माणूस निवडा.

बेट्स म्हणतो, राजाने कितीही आव आणला तरी या क्षणी तो थेम्समध्ये गळ्यापर्यंत बुडालेला असता तर त्याला बरं वाटलं असतं, आणि मीही शेजारी असतो तर बरं. राजा उत्तर देतो की मी तर राजाबरोबर कुठेही सुखाने मरेन, त्याची बाजू न्यायाची आहे, भांडण सन्मानाचं आहे. यावर विल्यम्स एवढंच बोलतो: ते आम्हाला माहीत नाही.

या वाक्याखाली रेघ मारा. बेट्स लगेच सारवासारव करतो की आपण ते शोधत बसूही नये, बाजू खोटी असली तरी राजाची आज्ञा पाळली की आपलं पाप धुऊन निघतं. विल्यम्स मात्र पुढे जातो. बाजू खरी नसेल तर राजाला मोठा हिशेब द्यावा लागेल, तो म्हणतो. लढाईत तुटलेले ते सगळे पाय, हात, मुंडकी शेवटच्या दिवशी एकत्र येतील आणि ओरडतील की आम्ही अमक्या ठिकाणी मेलो. कुणी शिव्या देत, कुणी वैद्याला हाका मारत, कुणी मागे राहिलेल्या गरीब बायकोच्या नावाने, कुणी फेडायच्या राहिलेल्या कर्जाच्या, कुणी उघड्यावर पडलेल्या पोरांच्या.

आता राजाचं उत्तर नीट तपासा. उत्तर लांब आहे, बिनतोड वाटतं. बापाने मुलाला मालाच्या व्यवहारासाठी पाठवलं आणि तो समुद्रात पापी अवस्थेत मेला, तर दोष बापाचा का? नोकर धन्याचे पैसे घेऊन जाताना दरोडेखोरांनी मारला, तर धन्याने त्याला नरकात ढकललं असं म्हणायचं का? प्रजेचं कर्तव्य राजाचं, पण प्रत्येकाचा आत्मा ज्याचा त्याचा. विल्यम्स हे मान्यही करतो. पण त्याने विचारलं होतं काय? हे युद्ध खरं आहे का, असं. राजाने उत्तर दिलं ते मेलेल्याच्या वैयक्तिक पापाबद्दल. बापाने मुलाला मरायला पाठवलेलं नसतं, माल आणायला पाठवलेलं असतं. युद्धाला पाठवणाऱ्याला तसं म्हणता येत नाही. पहिल्या वाचनात ही अदलाबदल माझ्या लक्षात आली नव्हती, इतकी ती सफाईने होते.

मग खंडणीचा विषय निघतो. राजा पकडला गेला तरी पैसे देऊन सुटणार नाही असं त्याने स्वतः म्हटलेलं मी ऐकलंय, झग्यातला राजा सांगतो. विल्यम्स म्हणतो, हो, आम्ही खुशीने लढावं म्हणून म्हटलं असेल. आमचे गळे कापले गेल्यावर तो सुटला तर आम्हाला कुठं कळणार? भांडण पेटतं, दोघे हातमोजे बदलतात: जगलो वाचलो तर ही खूण बघून उद्या निकाल लावू. हातमोजा लक्षात ठेवा. गळेही.

शिपाई गेल्यावर राजा एकटा बोलतो. इथे पेन्सिलीचं काम आहे. ‘सगळं राजावर टाका’ असं तो चिडून म्हणतो तेव्हा विल्यम्सचीच यादी परत म्हणतो: जीव, आत्मे, कर्जं, बायका, पोरं, पापं. दोन्ही याद्या शेजारी लिहा आणि काय गळलं ते बघा. हात, पाय, मुंडकी नाहीत. बाजू खरी की खोटी, तेही नाही. पुढे तो राजेपणाच्या थाटाला बोल लावतो आणि गरीब माणसाचा हेवा करतो, जो पोटभर खाऊन रिकाम्या डोक्याने गाढ झोपतो. आत्ताच तर तीन गरीब माणसं जागी भेटली होती! असं असूनही ते स्वगत खोटं वाटत नाही. हा माणूस खरोखर थकलेला आहे, खरोखर एकटा आहे, आणि तरी स्वतःच्या सोयीपुरतंच बघतो आहे. तिन्ही एकदम धरून ठेवता येतात का ते बघा. मला अजून दरवेळी जमत नाही.

त्यानंतर प्रार्थना. देवा, माझ्या शिपायांची काळीजं पोलादाची कर, शत्रूची संख्या बघून त्यांचं धैर्य जाणार असेल तर त्यांची मोजायची बुद्धीच काढून घे. विल्यम्सने ‘राजाचा हिशेब’ म्हटलं तेव्हा आणि राजा ‘मोजणं’ म्हणतो तेव्हा, मूळ इंग्रजीत शब्द एकच आहे. मराठीत आपल्याकडे ‘हिशेब’ हा शब्द दोन्ही कामं करतो, तेव्हा तो घट्ट धरा. शिपाई म्हणाला होता, तुला हिशेब द्यावा लागेल. राजा देवाकडे मागतो, त्यांना हिशेब विसरू दे. आणि लगेच त्याला बापाचा गुन्हा आठवतो. आज नको, देवा, आज तो गुन्हा आठवू नकोस. रिचर्डचं शव मी पुन्हा सन्मानाने पुरलं आहे, पाचशे गरिबांना सालिना पैसे देतो, दोन प्रार्थनामंदिरं बांधली आहेत. जमेच्या बाजूला एकेक रक्कम मांडत जातो आणि शेवटी स्वतःच कबूल करतो की या सगळ्याची किंमत शून्य आहे.

भाषण: आधी उभं राहून, मग बसून

तिसऱ्या प्रवेशातलं भाषण पहिल्यांदा उभं राहून म्हणा, मजा घ्या. ते उत्तमच आहे, आणि नेतृत्व शिकवणारे लोक ते उगाच वापरत नाहीत. सरदार वेस्टमोरलंड म्हणतो, आज इंग्लंडात रिकामे बसलेल्यांपैकी दहा हजार इथे असते तर! फ्रेंच फौज पाचपट आहे. हेन्री संख्या लपवत नाही, तिचा अर्थच उलटा करतो: मरायचं असेल तर देशाचं नुकसान करायला एवढे पुरेत, जगायचं असेल तर माणसं जितकी कमी तितका सन्मानाचा वाटा मोठा. पुन्हा हिशेबच, फक्त भागाकार. ज्याला लढायचं नसेल त्याने जावं, परवाना देतो, वाटखर्चही देतो. मग तो त्यांना आजच्या दिवसातून उचलतो आणि म्हातारपणात नेऊन बसवतो. बाही वर सारून वण दाखवणारा, गावजेवणात त्या दिवसाच्या गोष्टी सांगणारा म्हातारा. त्या गोष्टींत तो चार गोष्टी पदरच्या घालेल, हेही राजा हसत मान्य करतो. भीतीने गोठलेल्या माणसाला उद्याचा दिवस दाखवायचा, हे कसब या भाषणाइतकं स्वच्छ मी दुसरीकडे क्वचित पाहिलं आहे.

आता बसा, आणि घरोघरी आठवली जातील अशी कोणती नावं राजा घेतो ते मोजा. हॅरी, बेडफर्ड, एक्सेटर, वॉरिक, टॅलबट, सॅल्झबरी, ग्लॉस्टर. सगळे सरदार. आणि त्याच दमात: आज माझ्याबरोबर रक्त सांडेल तो माझा भाऊ, मग तो कितीही हलका असो, आजचा दिवस त्याला कुलीन करील.

पिस्टलचा प्रवेश गाळू नका

इतिहासकार या विजयाचं श्रेय लांब धनुष्यांना आणि चिखलाला देतात. शेक्सपिअरच्या लढाईत धनुष्य दिसत नाही. एवढ्या मोठ्या लढाईतली एकच झटापट तो आपल्यासमोर घडवतो, आणि ती म्हणजे भुरटा पिस्टल एका घाबरलेल्या फ्रेंच शिपायाला पकडून सुटकेसाठी दोनशे क्राउन नाणी कबूल करून घेतो! भाषेचा घोळ, पोऱ्या दुभाष्या, सगळा फार्स. जाता जाता तो पोऱ्या म्हणतो की सामानावर आता फक्त आम्ही पोरंच आहोत. फार्समध्ये दडवलेली ही ओळ थोड्याच वेळात महागात पडते.

हुकूम आणि त्याची कारणं

या टप्प्यावर घाई करू नका. कोऱ्या कागदावर घटना आल्या त्या क्रमाने लिहा.

सहावा प्रवेश. एक्सेटर येऊन ड्यूक ऑफ यॉर्कच्या मरणाची हकीकत सांगतो. रक्ताने माखलेला यॉर्क मेलेल्या सफोकजवळ जातो, त्याच्या जखमांचं चुंबन घेतो, थांब भावा, आपले आत्मे बरोबर जाऊ देत, म्हणतो. बलिदानाचं इतकं देखणं वर्णन या अंकात दुसरं नाही, आणि ते दोन सरदारांच्या वाट्याला आलं आहे. राजाचे डोळे भरतात. तेवढ्यात रणशिंग वाजतं. फ्रेंचांनी फुटलेली माणसं पुन्हा गोळा केली आहेत, राजा म्हणतो, तेव्हा प्रत्येक शिपायाने आपापला कैदी मारावा. भरलेले डोळे आणि हा हुकूम यांच्यात एका श्वासाचं अंतर आहे. १६०० च्या प्रतीत इथे पिस्टलच्या तोंडी मोडक्या फ्रेंचमध्ये ‘गळा काप’ असे शब्द येतात. दोनशे क्राउनचा तो कैदी आठवला की हसू जागीच विरतं.

सातवा प्रवेश. आता कळतं की फ्रेंचांनी सामानावरची पोरं मारली. राजाच्या फौजेतला वेल्श कप्तान फ्लुएलेन संतापतो की हे युद्धाच्या नियमांविरुद्ध आहे. त्याचा सोबती कप्तान गॉवर म्हणतो, म्हणूनच राजाने योग्य तेच केलं, कैद्यांचे गळे कापवले, काय शूर राजा! पण आपण नुकतंच पाहिलं की हुकूम आधी सुटला आणि पोरांची बातमी नंतर आली. मग राजा येतो आणि म्हणतो, फ्रान्समध्ये आल्यापासून मला या क्षणापर्यंत राग आला नव्हता, आणि उरलेल्या कैद्यांचे गळे कापायची पुन्हा धमकी देतो.

शेक्सपिअरने ज्याच्या बखरीवरून हे घेतलं त्या हॉलिनशेडकडे क्रम सरळ आहे: छावणीवरच्या हल्ल्याची बोंब ऐकू येते आणि कैदी उलटतील या भीतीने राजा हुकूम देतो. नाटककाराने कारण आणि हुकूम यांची ताटातूट केली. का? चूक म्हणणारे आहेत, घाईत राहून गेलं म्हणणारे आहेत. मला वाटतं, कृत्य आधी होतं आणि कारण मागाहून चिकटवलं जातं, तेही गॉवरसारख्या भल्या माणसाकडून, हे त्याला दाखवायचं होतं. माझं मत तुम्ही लगेच घेऊ नका, कागदावरचा क्रम बघा. हेन्रीची बाजूही मांडून बघा: मोजकी माणसं, कैद्यांची गर्दी, जमिनीवर पडलेली हत्यारं, आणि शत्रू पुन्हा जमतो आहे. त्याच्या जागी सेनापती म्हणून तुम्ही काय केलं असतं? गटात वाचत असाल तर इथे भांडण होईलच, होऊ द्या.

आपल्याला इथे झोपलेल्या छावणीत शिरणारा अश्वत्थामा आठवतो. पण त्याला निदान शाप मिळाला. इथे शाप द्यायला कुणी नाही. फ्लुएलेन तर राजाची तुलना अलेक्झांडरशी करायला बसतो, आणि त्याच्या वेल्श उच्चारात ‘बिग’चं ‘पिग’ होतं, म्हणजे अलेक्झांडर द पिग. अलेक्झांडरने दारूच्या नशेत जिवलग मित्र मारला, आपल्या राजाने शुद्धीवर असताना त्या जाड्या सरदाराला दूर केलं. नाव काय त्याचं? फ्लुएलेनला आठवत नाही. गॉवर सांगतो, फॉल्स्टाफ. फ्लुएलेनच्या मते ही स्तुती आहे.

मोजा परत येतो

राजा विल्यम्सचा मोजा फ्लुएलेनच्या टोपीत खोवून देतो, दोघांची जुंपते, मग सगळं उघड होतं. राजा विचारतो, माझा अपमान केलास, आता काय? विल्यम्सचं उत्तर साधं आणि ताठ आहे: महाराज, तुम्ही तुमच्या रूपात आला नव्हता, जे बोललो ते त्या साध्या माणसाला. राजा मोजा क्राउनच्या नाण्यांनी भरून देतो. फ्लुएलेनही बारा पेन्स पुढे करतो, त्याला विल्यम्स सांगतो, तुमचे पैसे मला नकोत. राजाच्या पैशांवर तो काय बोलला? संहितेत काहीच नाही. हे मौन कसं करायचं ते नटाने ठरवायचं. भांडणाची भरपाई झाली, प्रश्नाला हात लागला नाही.

शेवटी यादी, बोट ठेवून

त्या मोज्यानंतर लगेच मेलेल्यांची यादी येते. फ्रेंच दहा हजार: निशाणं मिरवणारे सरदार १२६, शिवाय नाइट आणि कुलीन मिळून ८,४००, त्यातले ५०० तर कालच नाइट झालेले, आणि भाडोत्री फक्त १,६००. (शब्दशः बेरीज केलीत तर १०,१२६ येते.) मग इंग्लिश: यॉर्क, सफोक, सर रिचर्ड केटली, डेव्ही गॅम. नाव घेण्यासारखा आणखी कुणी नाही, आणि बाकीचे फक्त पंचवीस.

भाषणातले भाऊ ते हेच पंचवीस. हॉलिनशेड हा आकडा देऊन पुढे लिहितो की जास्त विश्वासू लेखक पाच-सहाशेच्या वर सांगतात. शेक्सपिअरने छोटा आकडा उचलला. चमत्कार मोठा दिसावा म्हणून, हे उघड आहे. पण त्यामुळे बिननावाची ती माणसं अगदी मोजता येण्याइतकी कमी होतात, आणि तरी त्यांची नावं कुणी घेत नाही. राजा म्हणतो, हे देवाचं काम, याची फुशारकी मारेल त्याला मृत्युदंड. सकाळी बाही वर सारून फुशारकी मारणाऱ्या म्हाताऱ्याचं स्वप्न यानेच विकलं होतं.

मग चित्रपट, आणि मग पहिला अंक

१९४४ चा लॉरेन्स ऑलिव्हिएचा आणि १९८९ चा केनेथ ब्रानाचा असे दोन चित्रपट सहज मिळतात. ऑलिव्हिएचा दुसरं महायुद्ध चालू असताना काढलेला, ब्रानाचा चिखलातला. कैदी मारायचा हुकूम दोघांनीही गाळला आहे. बघताना त्या जागी काय घातलं आहे ते टिपून ठेवा.

आणि आता पहिल्या अंकाकडे वळायला हरकत नाही. ती वंशावळ या वेळी जड जाणार नाही, कारण ती सुरू व्हायच्या आधी हेन्री आर्चबिशपला बजावतो की किती रक्त सांडेल याचा विचार करून बोला. ती संपल्यावर तो थेट विचारतो, मी न्यायाने आणि सद्सद्विवेकाने हा दावा करू शकतो का? विल्यम्सचाच प्रश्न, तीन अंक आधी आणि राजाच्या तोंडून. आर्चबिशप म्हणतो, पाप लागलं तर माझ्या डोक्यावर. चौथ्या अंकात, त्या चिखलात, तो कुठेही नसतो.